दुपारी कोण बघतंय

भवानीपूर, कलकत्ता
११ नोव्हेंबर १९५७

चि. सुची,

तुझं पत्र पोचलं. नऊ वर्षांत पहिलं. तुझ्या काकांनी पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं, पाठवणाऱ्याचं नाव वाचलं, माझ्या पोळपाटाशेजारी ठेवलं आणि फोर्ट विल्यमला कचेरीत निघून गेले. आशीर्वाद आहेत असं समज. मी दुसरी शिकलेली बाई, गोड लिहिता येत नाही, आणि तू ते मागितलेलंही नाहीस.

तू मागितलंस ते एवढंच. दिगंबरराव धरणाच्या मोजणीवर चांद्याच्या जंगलात चार महिने तंबूत राहणार. ह्या खेपेला तुला आणि मुलांना बरोबर चला म्हणतात. लीना साडेतीन वर्षांची, धाकटा दहा महिन्यांचा, तर तंबूत लहान मुलं कशी सांभाळायची. आणि पत्राच्या शेवटी, शाई संपत आल्यासारखं बारीक लिहिलंस, "काकू, मी नेऊ का?"

नेऊ का ते मला काय विचारतेस. तुला नवरा आहे, सासू आहे. सांभाळायचं कसं तेवढं सांगते.

तंबू झाडाखाली ठोकायचा नाही. सावली बघून पुरुष लोक झाडाखालीच ठोकतात. वाळकी फांदी पडली की कापड काही करत नाही. उंचवट्यावर ठोकायला लाव आणि भोवती वीतभर खोल चर खणून घे, थंडीचे दिवस असले तरी. खुंट्यांना पांढऱ्या चिंध्या बांध, नाहीतर मुलं तणाव्यांत पाय अडकून तोंडावर पडतात. घासलेटची बाटली धान्याच्या पेटीत ठेवू नकोस, सगळ्या भाताला वास लागतो आणि मग पोरं जेवत नाहीत. मेतकूट ने, भाजलेले पोहे ने, गुळाची ढेप ने. परक्या ठिकाणी मुलांना घरची चव लागते. तिथे पोटं बिघडतात ती अन्नानं नाही, पाण्यानं. उकळ. दिगंबरराव म्हणतील झऱ्याचं पाणी आहे. म्हणू दे. वेखंड आणि ओवा हाताशी ठेव, पेटीच्या तळाशी नाही.

बूट, चपला, धाकट्याचे लंगोट, सगळं झटकून घालायचं. विंचवाला लोकर आवडते. पांघरूण घरचंच ने, फाटकं असलं तरी. नव्या पांघरुणात मूल रात्रभर रडतं. आपला तो तंबू आठवतोय का, लढाई संपल्यावर एस्प्लनेडच्या फुटपाथवर अमेरिकन लष्कराचं सामान विकायचे त्यातला. तुझ्या बाबांनी मिरवत आणला होता. त्याला रबराचा वास मारायचा आणि आत कुणा सोल्जरचं नाव लिहिलेलं. तसला घेऊ नका. सरकारी मिळेल तो बरा.

मुलीच्या पायात घुंगरू घाल. लोक हसतात. हसू दे. आवाज थांबला की उठायचं. आवाज येत असताना नाही, थांबला की.

तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्याजवळ उतरायचं नाही. जो कोण तिथला असेल, गुराखी असो, कोळीण असो, तो सांगेल ते ऐकायचं.

आमचा जयू गेला तेव्हा तू तेरा वर्षांची होतीस. तुला सगळं ठाऊक आहे. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही.

तुझी काकू

---

२३ नोव्हेंबर

सुची,

मी तुला विंचू आणि वेखंड लिहून पाठवलं आणि तू मला हे विचारतेस.

तू लिहितेस, "काकू, मला नीट आठवत नाही. तुम्ही खरंच म्हणाला होतात का, की जयूला बरोबर घेऊन जा? आई म्हणते तुम्ही म्हणाला होतात. मी इतकी वर्षं आठवून बघते, एकदा म्हणाल्यासारखं ऐकू येतं, एकदा येत नाही."

हो. म्हणाले होते. आता पुन्हा विचारू नकोस. गेलेलं मूल काय ह्यानं परत येणार आहे.

सासूबाईंनी सांगितलंय म्हणे की तंबूत मुलांना गार वारा बाधतो. गार वारा बाधत नाही, ओल बाधते. जमिनीवर आधी पेंढा, त्यावर तरट, त्यावर सतरंजी. मुलं मध्ये, मोठी माणसं कडेला. कापडाला लागून मूल निजवायचं नाही, पहाटे दवानं कापड ओलं होतं. कानटोपी रात्री घालतात तशी सकाळीही घाल, सूर्य चांगला वर येईस्तोवर.

आणखी एक. रात्रीचं सगळे जपतात. कंदील असतो, पुरुष घरी असतात, कोल्हं ओरडलं तरी चार जण उठतात. दुपारी कुणी जपत नाही. जेवणं झालेली, ऊन अंगाला बरं वाटतं, आणि काय व्हायचंय ह्या उजेडात असं वाटतं. दुपार वाईट.

आम्ही अजून त्याच घरात आहोत. मागच्या खिडकीखाली आदिगंगेचा नाला, तसाच घाण. बंगाली लोक त्यात डोकं बुडवतात, त्यांची श्रद्धा. दिवसातून दोनदा त्याचं पाणी उलटं वाहतं. खाडीची भरती इतक्या लांब, ह्या गटारापर्यंत येते. मी घड्याळ बघत नाही. पाणी फिरलं की मला अंथरुणातही कळतं, कामात असले तरी कळतं. पुनवेच्या मागेपुढे जास्त.

जयू येतो. तुझ्या काकांना सांगितलं तर ते मला डॉक्टरकडे नेतील, म्हणून कुणाला सांगत नाही. दुपारी येतो. मागल्या दारात उभा राहतो, केस ओले, हाताला वाळू. भीती वाटत नाही ग, आपल्या पोराची कसली भीती. मी म्हणते, ये आत, उभा का. येत नाही. माझ्याकडे बघतच नाही तो. माझ्या खांद्यावरून मागे घरात बघतो. सुचीताई कुठाय, म्हणतो. रोज तेवढंच. मी म्हणते, ती नागपूरला गेली. तर थोडा वेळ उभा राहतो आणि जातो. फरशी पुसायला लागते.

हे वाचून फाडून टाक.

काकू

---

३० नोव्हेंबर

सुची,

कार्ड मिळालं. कार्डावर असलं लिहितात का, पोस्टमन वाचतो.

जाणार नाहीस. बांधलेलं सामान सोडलंस. दिगंबरराव रविवारी एकटे निघणार. लीना त्यांना "पाहुणे" म्हणते, आणि ह्या खेपेला ते ऐकून हसले नाहीत, असं लिहिलंस. लिहिलंस की सासूबाई घरात नसल्या की तू शेजारणीला बोलावून बसवतेस, कारण स्वतःच्या दोन मुलांजवळ तू एकटी बसू शकत नाहीस. शेजारणीला सांगतेस की करमत नाही. आणि मोरीत जाताना तिच्याकडून दोनदा वदवून घेतेस की ती बघतेय.

"मी बघणारी बाई नाही, काकू. ते एकदा ठरलं."

हे वाक्य मी पाच वेळा वाचलं. तुझ्या काकांनी विचारलं, "काय लिहिते पोरगी?" मी म्हटलं, "थंडी आहे म्हणते." ते म्हणाले, "एवढं वाचायला इतका वेळ लागतो का तुला अजून?"

दिगंबररावांना सांग, आठ दिवस थांबा. मोजणी कुठे पळत नाही. मी लिहिते.

काकू

---

५ डिसेंबर

सुची,

हे पत्र बसून वाच. लीना झोपली असेल तेव्हा वाच.

मी तुला जयूला घेऊन जा म्हणाले नव्हते.

आता पहिल्यापासून लिहिते, म्हणजे तुला पुन्हा कधी आठवत बसायला नको. दुर्गापुजोची सुट्टी होती. कोजागिरीचं दूध नदीकाठी चांदण्यात प्यायचं ही हौस माझीच. कोलाघाटला रूपनारायणाच्या काठी वाळू बघितली आणि मी म्हटलं, इथेच. तुझे काका म्हणाले वर बांधावर ठोकू. मी म्हटलं, मी कृष्णाकाठची, पाऊस संपल्यावर नदी माणसाला काही करत नाही, आम्ही वाळवंटात जेवणावळी घालतो. आपल्याकडे नदी एका बाजूनं येते आणि एका बाजूनं जाते. मला दुसरी नदी ठाऊक नव्हती आणि ठाऊक करून घ्यायची नव्हती.

रात्री दूध आटवलं. घरातली थोरली म्हणून तुला आणि माझा थोरला म्हणून जयूला एका पाटावर बसवून मी ओवाळलं. पाट लहान, तो तुझ्या मांडीतच बसला होता. सगळे उशिरापर्यंत जागलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती कोळीण आली. हे तुझ्या आईला माहीत नाही, कुणालाच नाही, तुला आठवतंय की नाही ते मला नऊ वर्षं कळलेलं नाही. ती हात हलवून हलवून बोलत होती. मला बंगाली धड येत नव्हतं, तू इथे जन्मलेली, तू सांगितलंस, "काकू, ती म्हणते पुनवेला दुपारी बान येतो. नदी उलटी येते, भिंतीसारखी. जेवायच्या आत तंबू वर न्या म्हणते." मी म्हटलं, "नदी उलटी येते म्हणे. हिला आपली जागा हवी असेल जाळी वाळवायला." तू पुन्हा म्हणालीस, "काकू, पण ती खरं सांगतेय." मी म्हटलं, "गप्प बस, फार शहाणी."

जेवणं झाली. दोघे पुरुष परतीच्या गाडीची चौकशी करायला स्टेशनवर गेले. तुझ्या आईचं डोकं दुखत होतं, ती आत झोपली. रात्रीचं दुधाचं पातेलं तसंच पडलं होतं, खरवड वाळून बसलेली. मी तुला म्हटलं, जा, गावातल्या पंपावर घासून आण. तू उठलीस. जयू तुझ्या मागे निघाला. तू थांबलीस. मागे वळून विचारलंस, "काकू, हा येतोय. नेऊ का?"

मी म्हटलं, "नको. मी बघते. तू जा."

हे शब्द. दुसरे नाहीत. तुला जे ऐकू येत नाही ते म्हटलेलंच नव्हतं. तू विचारलंस, मी नको म्हटलं, मी बघते म्हटलं. तेरा वर्षांच्या पोरीनं करायचं ते तू सगळं केलंस.

तो वाळूत विहीर खणत बसला. मी तंबूच्या खांबाला पाठ टेकली. ऊन छान होतं. रात्रीचं जागरण. एवढंच ग. भांडण नाही, काम नाही, काही नाही. झोप लागली.

जाग आली ती आवाजानं. पत्र्यावर वाटाणे ओतावेत तसा लांबून आवाज. नावा सगळ्या मधल्या धारेत गेल्या होत्या आणि त्यांच्यावरचे लोक आमच्याकडे बघून ओरडत होते. पाणी समुद्राच्या बाजूनं आलं, कमरेएवढं, तपकिरी, पुढे फेस. आपण वाळू म्हणत होतो ती नदीच होती. मी उभी राहिले तोवर तंबूची एक बाजू ओढली गेली. तुझ्या आईला मी हाताला धरून बाहेर खेचलं, हे ती सगळ्यांना सांगते. काकूंनी मला वाचवलं म्हणते. तिच्या जागी तो हवा होता असं मी कितीदा मनात म्हटलंय, ते तिला सांगू नकोस. सांग हवं तर.

आणि मग तू बांधावरून पातेलं घेऊन आलीस, आणि मी तुला मारलं. गावच्या लोकांसमोर. "त्याला घेऊन जा म्हटलं होतं ना मी?" असं म्हणत मारलं. मग तुझ्या आईनं मारलं. तू म्हणालीस, "नाही काकू, नाही काकू," आणि मग थोड्या वेळानं ते म्हणायचं थांबलीस. ते थांबलं ना, ते मला जास्त ऐकू येतं.

पुरुष आले. आम्ही सगळ्यांनी नदी खाली शोधली, समुद्राच्या बाजूला, संध्याकाळपर्यंत. वाहून गेलेलं खाली जातं, एवढीच आमची अक्कल. तो तिसऱ्या दिवशी वर सापडला, दोन मैल वर, त्याच कोळिणीच्या नवऱ्याच्या जाळ्याजवळ. पहिल्या दिवशी वर गेलो असतो तर जिवंत मिळाला असता असं मी म्हणत नाही. पण कोळीण पहिल्या दिवशीच हात करून वर दाखवत होती आणि तू कोपऱ्यात बसलेली, तिचं बोलणं आम्हाला कोण सांगणार. तुला आम्ही तोंड उघडू दिलं नव्हतं.

वर्षाच्या आत तुझे बाबा बदली मागून नागपूरला गेले. तुझे काका तुझ्या लग्नाला आले नाहीत. मीही नाही. लोक म्हणाले, बरोबर आहे, आईचं काळीज. मी तेही ऐकून घेतलं.

हे पत्र दिगंबररावांना दाखव. सासूबाईंना वाचून दाखव. तुझ्या आईला मी वेगळं लिहिलंय, आजच टाकतेय. तुझ्या काकांना आज संध्याकाळी ते आले की सांगणार. आधी पत्र पेटीत टाकते आणि मग सांगते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

मागच्या पत्रांत एक सांगायचं राहिलं होतं, ते सांगते. मुलांजवळ कोण बघतंय ते तोंडानं बोलायचं. "मी जाते, तू बघ." समोरच्यानं "मी बघतो" म्हणेपर्यंत हलायचं नाही. सगळे बघतात म्हणजे कुणी बघत नाही. हे तुला शिकवायची गरज नाही, तू तेराव्या वर्षी करत होतीस. तू शेजारणीकडून दोनदा वदवून घेतेस तो काही रोग नाही. तेच बरोबर आहे. फक्त स्वतःच्या तोंडून पण म्हण एकदा. मी बघते, असं. तुझं म्हटलेलं खरं असतं.

सामान बांध. जा.

कालिंदी

---

१२ जानेवारी १९५८

सुची,

चांद्याचा शिक्का बघितला आणि कळलं.

लीनाला घुंगरांनी पाय काचतात, तर आत फलाटीनची पट्टी लाव. धाकट्याला सर्दी झाली तर मोजे नको काढूस, पाणी नीट उकळतेस ना बघ. तू लिहिलंस की दिगंबरराव दुपारी मोजणीवर असतात आणि तू दोघांना घेऊन तंबूपुढे एकटीच बसतेस, शेजारीण नाही, तरी बसतेस. बसत राहा.

तुझ्या आईचं पत्र आलं नाही. येणारही नाही.

तुझ्या काकांना त्या संध्याकाळी सांगितलं. ते बूट काढत होते. एक बूट हातात होता. मग म्हणाले, "त्या पोरीच्या लग्नाला गेलो नाही मी." त्यानंतर आजवर माझ्याशी बोललेले नाहीत. जेवतात, कचेरीत जातात. नाताळच्या सुट्टीत एकटे कोलाघाटला जाऊन आले. मला विचारलं नाही, मीही नेता का म्हटलं नाही. तुला ते पत्र लिहिणार आहेत. त्यांच्या टेबलावर तीन दिवस कागद आहे, वर "चि. सुचित्रा" एवढं लिहिलेलं. आलं तर उत्तर दे त्यांना. त्यांचा गुन्हा नाही.

जयू अजून येतो. तुला वाटलं असेल सांगितल्यावर यायचा थांबेल. मलाही वाटलं होतं.

माफ करणार नाही असं लिहिलंस. बरं. मी ते मागितलं नव्हतं, आणि तू दिलं असतंस तर मला राग आला असता.

तुझा एकच प्रश्न आहे, मला का निवडलंत. माझ्यावर राग होता का, जयू तुमच्यापेक्षा मला जास्त चिकटायचा म्हणून का. तू इतका विचार केलास, तर खरं ते लिहिते. राग नव्हता. त्या वेळेपर्यंत तू घरातली माझी सगळ्यात लाडकी होतीस, आदल्या रात्री ओवाळलं ते मनापासून.

तुझी आई पाण्यातून वर आली आणि ओरडली, "जयू कुठाय, वहिनी? जयू कोणाजवळ होता?" मी तोंड उघडलं ते "माझ्याजवळ" म्हणायलाच. शब्द जिभेवर होता. तेवढ्यात बांधावर तू दिसलीस.

तू आणखी थोडा वेळ पंपावर थांबली असतीस तर मी खरं बोलले असते. ह्याला कारण म्हणत नाहीत, ते मला कळतं. पण ह्याहून दुसरं काही नव्हतं, आणि नव्हतं ते आता तुझ्यासाठी बनवून लिहिणार नाही.

कालिंदी